ढगेभाऊंचं वाटण

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता. बाटलीवर चिठ्ठी नसेल, तर आत काय आहे हे सगळ्यांना माहीत असलं तरी ढगेभाऊ ती ओतून टाकत. एकदा मी म्हटलं, "भाऊ, पाणीच आहे हो ते. मीच भरून ठेवलं सकाळी."

"असन मॅडम," ते म्हणाले. "पन बाटली सांगत नाई ना तसं." आणि बाटली मोरीत रिकामी केली.

मी पुलगावच्या त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि ढगेभाऊ प्रयोगशाळा सहायक होते. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, पण मी रुजू झाल्या दिवसापासून ते निवृत्त होईपर्यंत, आणि त्यानंतरही, मी त्यांची 'मॅडम'च राहिले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. परीक्षानळ्या धुतल्या की एकेक खिडकीपाशी धरून डोळा बारीक करून बघायचे, आणि दहातल्या तीन तरी परत धुवायचे. 'अंदाजे' हा शब्द त्यांना चालत नसे. एखाद्या मुलीने अंदाजे पाच थेंब म्हटलं की ते तिच्याकडे असं बघत, की तिने जणू शिवी दिली.

आणि या माणसाच्या घरात सगळा कारभार अंदाजाचा. इंदूकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आयुष्यात कधी चमचा मोजून मसाला टाकला नसेल. आमची घरं एकाच गल्लीत, मध्ये दोन दारं सोडून. त्यांच्याकडे पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा झाला की वाटीभर माझ्याकडे यायचा. वर लाल तेलाची तर्री, खाली दाट वाटण, आणि चव अशी की नुसता रस्सा पिऊन घ्यावा. मी एकदा कृती विचारली. काकू म्हणाल्या, "कृती कायची बाप्पा? हात जाते तसं टाकते." ढगेभाऊ बाजूला बसून जेवत होते. त्यांनी बायकोच्या हातच्या जेवणाला चांगलं म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. मात्र वाटी उचलून शेवटचा घोट प्यायचे आणि मग वाटीत बघत राहायचे.

ते निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी काकूंनी चहात मीठ टाकलं. सगळे हसलो. मग त्या भाजी आणायला गेल्या आणि घर सापडेना म्हणून बाजारातच एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या. मग वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा विसरण्याचा आजार आहे, हा मागे फिरणारा नाही. ढगेभाऊंनी डॉक्टरांचं बोलणं वहीत लिहून घेतलं होतं. 'मागे फिरणारा नाही' याखाली लाल पेनाने रेघ होती.

स्वयंपाकघर हेच काकूंचं सगळं जग, आणि तिथेच धोका सगळ्यात जास्त. त्या कढईत तेल तापत ठेवून अंगणात यायच्या आणि काय करत होतो ते विसरायच्या. एका सकाळी खिडकीतून काळा धूर निघाला. पडदा जळला, काकूंचा तळवा भाजला. त्या दिवसापासून ढगेभाऊंनी गॅसचा रेग्युलेटर काढून स्वतःजवळ ठेवायला सुरुवात केली.

तेव्हापासून काकू दिवसभर शेगडीपुढे उभ्या. बटन फिरवायच्या, काडी ओढायच्या.

"अजी, गॅस संपला."

"हाव, सांगतला आहे. येऊन राह्यला."

पाच मिनिटांनी पुन्हा, "अजी, गॅस संपला."

एका दुपारी तासभर त्यांचा आवाज आमच्या गच्चीपर्यंत सारखा येत होता. आणि प्रत्येक वेळी ढगेभाऊंचं तेच उत्तर, त्याच आवाजात.

जेवणाचा डबा लावला. काकूंनी तो हुंगला आणि बाजूला सरकवला. स्वयंपाकाला बाई ठेवली, तर काकूंनी तिला हाकलली: "माह्या घरात तू कोन?" मी नेऊन दिलेल्यातले चार घास खाल्ले, पुढे तेही नाही. ढगेभाऊ स्वतः खिचडी करायचे, ती त्या हाताने चिवडत बसायच्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. मुलगी सुनीता पुण्याला असते, ती फोनवर रडायची. "बाबा, अशा लोकांसाठी इथे चांगल्या जागा आहेत. आईला आणा." ढगेभाऊ म्हणायचे, "पाहून सांगतो." म्हणजे नाही.

मग तो दिवस. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि ढगेभाऊ माझ्या ओसरीवर येऊन उभे. चप्पल नाही. शर्टाची बटनं वरखाली लागलेली. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"मॅडम, आज मी तिले मारलं."

मी पेला खाली ठेवला.

"चार दिवस झाले, पोटात काई नाई तिच्या. मी घास तोंडात कोंबला. तिनं थुंकला माह्या अंगावर. मी थापड मारली." त्यांनी स्वतःचा उजवा हात बघितला. "ते रडली नाई. माह्याकडे पाहून म्हने, मी काई चुकली का जी?"

ओसरीच्या पायरीवर ते बसले, आणि गुडघ्यांत डोकं घालून त्यांनी जो आवाज काढला तो मी तोवर कुठल्या माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. मी काकूंकडे गेले. त्या शेगडीपुढे उभ्या होत्या. एक गाल लाल होता. मला म्हणाल्या, "ये पोरी. गॅस संपला पाह्य. तुले चहा कायचा करून देऊ?"

त्यानंतर आठवडाभरात सुनीताने त्यांच्या फोनवर एक व्हिडिओ पाठवला. कांदा-खोबऱ्याचं वाटण एकदाच करून, परतून, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायचं. पाहिजे तेव्हा दोन वड्या उकळत्या पाण्यात टाकल्या की रस्सा तयार. नोकरी करणाऱ्या बायकांसाठी होता तो व्हिडिओ. बाबांचे कष्ट वाचावेत एवढाच तिचा हेतू. ढगेभाऊंना त्यात वेगळंच दिसलं. ते नवी वही घेऊन माझ्याकडे आले.

"मॅडम, ते दुसऱ्याच्या हातचं खात नाई. तिच्या चवीचं वाटण जर मले एकदा जमलं, तं मी ते गोठवून ठेवीन. मंग रोज तेच. फरक पडाचा प्रश्नच नाई. बरोबर?"

"पण कृती?"

"तेच तं नाई ना." त्यांनी वहीचं पहिलं कोरं पान उलगडून माझ्यापुढे ठेवलं. "तिले इचारून पाह्यलं. तिले कांदा म्हनजे काय तेई आठोत नाई कधी कधी."

त्या माणसाने साठी ओलांडल्यावर स्वयंपाक असा सुरू केला, जसा शाळेत प्रयोग मांडायचे तसा. तराजू आणला. कांदे उभे चिरून वजन करायचे. सुकं खोबरं विस्तवावर भाजायचं, लसूण, आलं, लाल तिखट, धने, लवंग, दगडफूल, खसखस, प्रत्येकाचं वजन वहीत. सगळं बारीक वाटून, तेल सुटेपर्यंत परतून, थंड करून ट्रेमध्ये. गोठलं की वड्या काढून डब्यात, डब्यावर चिठ्ठी: 'वाटण क्र. १'. मीठ मात्र वाटणात नाही. मीठ शेवटी.

क्रमांक एक काकूंनी हुंगून सरकवलं. दोन, तीन, चार, तसंच. पाचव्याला खोबरं वाढवलं, सहाव्याला कांदा काळपट होईपर्यंत भाजला, सातव्याला लसूण दुप्पट. गल्लीत दिवसाआड भाजक्या खोबऱ्याचा वास सुटायचा, आणि समोरच्या दुकानाचे शेठ मला म्हणायचे, "मॅडम, ढगेसाहेब हॉटेल काढून राह्यले का?" मी हसायची नाही. मला माहीत होतं, काकू आता दुधावर आणि बिस्किटावर होत्या आणि दूधही अर्धं सांडायच्या. बाराव्या क्रमांकाच्या वेळी मी तिथे होते. ढगेभाऊंनी चमच्याने रस्सा त्यांच्या ओठांना लावला. काकूंनी जीभ फिरवली, थांबल्या, जणू कुणी लांबून हाक मारली. मग मान हलवली. ढगेभाऊ उठून मागच्या अंगणात गेले आणि पातेलं भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. परत आले तेव्हा चेहरा धुतलेला होता. वही उघडून लाल पेनाने लिहिलं: 'क्र. १२. जवळ. पण नाही.'

काकूंची धाकटी बहीण शांतामावशी रोहण्याला राहते. तिचे गुडघे गेलेले, ती येऊ शकत नव्हती. ढगेभाऊ एका सकाळी वाटण क्रमांक बाराची बरणी पंच्यात गुंडाळून बसने रोहण्याला गेले. काकूंजवळ मी बसले. संध्याकाळी दिवेलागणीला ते आले आणि दारातच बसले. आत येईनात.

"काय झालं भाऊ?"

"जवस," ते म्हणाले.

"काय?"

"खसखस नाई, जवस. भाजून, कुटून. शांतेनं बोट लावलं आन् म्हने, भाऊजी, यात खसखस काऊन टाकली? इंदू तं जवस टाके." ते भिंतीला डोकं टेकून बोलत होते. "आमचं लगन झालं तवा माहा पगार तो काय. खसखस परवडे नाई. मी एकडाव म्हनलो व्हतो, माह्या मायच्या हातच्या रश्श्यात खसखस राहे. सहज म्हनलो. तिनं जवस टाकून पाह्यला. मी वाटी पिऊन टाकली. मंग तिनं शांतेले सांगतलं, यायले समजलं नाई, तू बोलजो नको कोनाले. पुढं पगार वाढला. तरी तेच टाकत राह्यली. मी खसखस आनून देवो, ते डबा भरून शांतेले देऊन टाके."

त्यांनी पंचा सोडून बरणी जमिनीवर ठेवली.

"चाळीस वर्सं मी जवस खाल्ला मॅडम, आन् मले वाटे खसखस. एवढा मोजमापाचा मानूस मी. बायकोनं काय टाकलं ते समजलं नाई. आन् कधी म्हनलो पन नाई, का चांगलं झालं म्हनून."

तेरावं वाटण त्यांनी दुसऱ्या दिवशी केलं. मी शाळेतून थेट तिकडे गेले. पोळी कुस्करून रश्श्यात भिजवली होती. काकूंनी पहिला घास तोंडात ठेवला आणि चावायला लागल्या. दुसरा घास त्यांनी स्वतःच्या हाताने घेतला. ताट संपल्यावर वाटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अजून आहे का?" ढगेभाऊंनी घाईघाईने पळी भरून वाढलं. अर्धा रस्सा ताटाबाहेर.

खरी गोष्ट पुढेच होती, आणि ती त्यांना स्वतःच सुचली. काकूंचं लक्ष सात-आठ मिनिटं टिकायचं, त्यापुढे नाही. गोठवलेल्या वड्यांचा रस्सा व्हायला तेवढाच वेळ लागतो. मग ढगेभाऊ आलू-वांगं आधीच वाफवून ठेवायचे, पाणी तापवायचे, एका छोट्या डबीत एका वेळेपुरतंच मीठ ठेवायचे, आणि म्हणायचे, "या, गॅस आला."

काकू पदर खोचून यायच्या. वड्या पाण्यात सोडायच्या, पळीने हलवायच्या. वड्या विरघळत, तर्री वर येई, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक जुनी ओळख दिसे. भाजी टाकायच्या, डबीतलं मीठ टाकायच्या, हिरवा सांभार, म्हणजे कोथिंबीर, तोडून वरून भुरभुरायच्या. ढगेभाऊ मागे उभे, एक हात रेग्युलेटरवर.

"बाजूले व्हा ना. मानसायचं काय काम अठी?"

"नाई, पाहून राह्यलो."

"पाह्याचं काय त्यात? भूक लागली असन तं पाट मांडा."

ते पाट मांडायचे. आणि जेवताना, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, ते म्हणायचे, "चांगलं झालं वं." रोज. काकूंना रोज नवीन वाटायचं. त्या लाजायच्या.

पावणेदोन वर्षं चाललं हे. दर पंधरा दिवसांनी वाटण, फ्रीजच्या वरच्या कप्प्यात डब्यांची चळत. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं, पाठ वाकली, पण डब्यांवरची अक्षरं सरळ होती. कधी बाजारात जावं लागलं तर ते बाहेरून कुलूप लावायचे, आणि काकू खिडकीतून रस्त्यावरच्यांना ओरडून सांगायच्या, "मले कोंडलं जी यानं, सोडवा!" लोक थांबायचे. एकदा एका अनोळखी माणसाने ढगेभाऊंची कॉलर धरली. ते शांतपणे म्हणाले, "घरात चला, पाहून घ्या," आणि त्याला आत नेलं. तो माणूस बाहेर आला तो मान खाली घालून.

मग एका मे महिन्यात गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळला. पहिल्या दिवशी ढगेभाऊंनी फ्रीजचं दार उघडूच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी बर्फाच्या लाद्या आणल्या, भुशात गुंडाळून डब्यांभोवती लावल्या. दुपारपर्यंत पाणी. पुलगावचं ऊन ते. ते डबे थर्माकोलच्या खोक्यात घालून सायकलवर निघाले. स्टेशनाकडच्या आइस्क्रीमच्या दुकानात गेले, मी सोबत होते. दुकानदार भला माणूस, पण म्हणाला, "काका, माल खराब व्हईन माहा. आइस्क्रीमले लसनाचा वास लागते."

"एक दिवस ठेवा. पिशवीत पिशवी घालून देतो."

"नाई जमत काका."

ढगेभाऊंनी हात जोडले. आयुष्यात कुणाकडे वाकलेले मी त्यांना बघितलं नव्हतं. "बायको जेवत नाई जी माही याच्याशिवाय." दुकानदाराने मान वळवली. मी ओढून त्यांना बाहेर आणलं. दुसऱ्या गल्लीत माझ्या ओळखीच्या एका घरी तीन डबे ठेवायला जागा मिळाली, बाकीचं संध्याकाळी फसफसलं. चौथ्या दिवशी वीज आली तेव्हा ते नवं वाटण परतत होते, चाळीसच्या वरच्या उन्हात, अंगणात चूल मांडून.

त्या दिवसांत काकूंचं काहीतरी आतून निसटलं. उन्हाने, की आजाराने, की नुसतीच वेळ आली म्हणून, सांगता येत नाही. वीज आल्यावर ढगेभाऊंनी म्हटलं, "या, गॅस आला." काकू आल्या. पळी हातात घेतली आणि ती कशासाठी असते ते त्यांना कळेना. त्यांनी ती केसांतून फिरवली.

चव मात्र आणखी काही महिने उरली. मग घास तोंडात घेऊन गिळायचं विसरायला लागल्या. ढगेभाऊ रस्सा गाळून, पातळ करून, चमच्या-चमच्याने द्यायचे, गळ्यावरून बोट फिरवायचे. एका वेळच्या जेवणाला दीड-दोन तास. एक दिवस तेच मोरीपाशी चक्कर येऊन पडले. काकू त्यांच्याशेजारी बसून होत्या, दूधवाल्याने पाहिलं. सुनीता पुढच्याच गाडीने आली आणि या वेळी तिने 'पाहून सांगतो' ऐकून घेतलं नाही.

दोघांना घेऊन ती पुण्याला निघाली त्या दिवशी मी पुलगाव स्टेशनावर गेले. गाडीत खायला म्हणून पोळ्या आणि आलूची सुकी भाजी नेली होती. सुनीता सामानापाशी होती. बाकावर दोघं शेजारी बसली होती, काकू खिडकीबाहेर बघावं तसं रुळांकडे बघत होत्या. मी डबा त्यांच्या मांडीवर उघडून ठेवला, उगीच, एखादा घास गेला तर गेला म्हणून. त्यांनी पोळीचा तुकडा तोडला, भाजी धरली. पण त्यांनी तो तोंडात घातला नाही. शेजारी वळल्या आणि ढगेभाऊंपुढे धरला.

"घ्या ना भाऊ."

चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला भाऊ. ढगेभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"लाजू नका," काकू म्हणाल्या. "लय वाळले तुमी. घरी कोनी नाई का करून घालाले?"

"आहे ना," ढगेभाऊ म्हणाले. "बायको आहे."

"मंग ते काऊन नाई आली?"

गाडीची घोषणा होत होती. ढगेभाऊंनी काकूंच्या हातातला घास खाल्ला, नीट चावला, गिळला.

"येऊन राह्यली," ते म्हणाले. "मांगून येऊन राह्यली."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि दुसरा घास तोडायला लागल्या.